फोटोसाठी बाजूला व्हा म्हणे!

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

उद्यमबागच्या कारखान्यांजवळच्या आमच्या वसाहतीत मधोमध एक जुनं दगडी घर आहे. ऐंशीच्या दशकात ते पडायला आलं होतं. माझ्या आईवडिलांसारख्या कामगारांनी सोसायटी काढून घराच्या मालकाकडून ती जागा घेतली, पण घर पाडलं नाही. दर रविवारी सगळ्यांनी मिळून चुना मळला, ते घर उभं केलं आणि त्याच चुन्यात भोवती आपली छोटी, गारेगार घरं बांधली.

आज पर्यावरणपूरक घरांवर बोलणारे काही पाहुणे आले. आई जुन्या घराच्या पायरीवर बसली होती. एकजण म्हणाला, "आक्का, जरा बाजूला व्हा, घराचा फोटो घ्यायचाय. ही बारकी घरं पण मध्ये येतात बघा, सगळी शोभा जाते."

आई जागची हलली नाही. "जुनं मालक हुतं तवा आमास्नी ह्या पायरीला पाय लावू देत न्हवतं. लई वर्सं बाजूलाच हुबी हुते रं. आता न्हाय उठायची."

तो हसला आणि दुसऱ्या बाजूनं फोटो काढायला गेला. हसला!

घर बघायला आलेल्यांना ते वाचवणारी माणसंच आडवी येत असतील, तर ते नेमकं काय बघायला येतात हो?