आधी आपल्या गालाला

माझ्या मुलीचा हात मी ओढला होता, आक्कांनी नाही. एवढं एक वाक्य बोलायला मला सात वर्षं लागली, म्हणून इथे ते आधीच लिहून टाकतो.

आक्का आमच्या सोलापुरातल्या गल्लीत तान्ह्या बाळांना तेल लावून न्हाऊ घालायच्या. मूळच्या सांगोल्याकडच्या. नवरा गेल्यावर भावावर भार नको म्हणून शहरात आलेल्या. तळहातावर कोमट तेल घ्यायच्या, हात चोळायच्या आणि बाळाला लावण्याआधी तो तळवा स्वतःच्या गालाला लावून बघायच्या. "आदी आपल्या गालाला, मग लेकराला." तुम्हीही अशी बाई पाहिली असेल, न्हाणीघरात शिरली की घरच्या कर्त्या माणसांनाही हुकूम सोडणारी. "वारं येतंय, खिडकी लावा की!" आणि आम्ही मुकाट्याने लावायचो.

इतर बाळांचे हातपाय त्या ताणून छातीवर घडी घालायच्या. आमच्या मुलीला मात्र नुसतं हलकं चोळायच्या.

"आक्का, आमच्याच वाट्याला निम्मं काम का?" मी एकदा टोमणा मारला.

"हिचे सांधे लई सैल हायती. हाताला कळतंय की. काखेत धरून उचला. हाताला धरून वढू नगासा."

"डॉक्टर कधी झालात?"

"झाले असते तर तुमच्या पोरीचं ढुंगण धुवायला आले असते व्हय?"

बायको खूप हसली. मीही हसलो, आणि मूळ गोष्ट विसरलो.

मुलगी सव्वा वर्षाची झाली तेव्हा आक्का फक्त रविवारी यायच्या. अशाच एका रविवारी तिला न्हाऊ घालून त्या गेल्या. बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मला बाहेर पडायची घाई होती आणि मुलगी फरशीवर बसून उठायला तयार नव्हती. मी तिचा एक हात धरला आणि तिला वर खेचलं. कोपरात काहीतरी सरकलं. ती किंचाळली. हात रिकाम्या बाहीसारखा लोंबत राहिला.

बायको धावत खाली आली. "काय झालं?"

"काय माहीत," मी म्हणालो. "आक्कांनी आज जोरात चोळलं असेल."

तोंडातून निघून गेलं. पण ते परत घ्यायला अख्खा दिवस होता, आणि मी घेतलं नाही.

डॉक्टरांनी हात बसवला. मग तिचा अंगठा मनगटापर्यंत वाकतो का ते पाहिलं, कोपरं उलटी जातात का ते पाहिलं. पुढच्या तपासण्यांनंतर म्हणाले, "जन्मतःच सांध्यांचे बंध सैल आहेत. व्यायामाने स्नायू बळकट करत राहायचं. आणि हाताला धरून कुणी खेचायचं नाही. त्या दिवशीचं चोळल्याने झालेलं नाही, ओढल्याने झालंय."

बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे आक्कांनी ओढलं," ती म्हणाली.

मी मान डोलावली.

पुढच्या रविवारी आक्का आल्या. बायकोने दार अर्धंच उघडलं. "माझ्या हातानं न्हाय झालं, ताई," आक्का म्हणाल्या आणि बायकोच्या खांद्यावरून एकदाच माझ्याकडे बघितलं. मी बुटाची नाडी बांधत होतो. बराच वेळ बांधत होतो.

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या घरातल्या वहिनींची लेक बाळंतपणाला यायची होती. "आक्कांना सांगू ना?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "तुमचं तुम्ही बघा, वहिनी. आमच्या पोरीचा हात निखळला होता." त्यानंतर एकेक घर बंद झालं. वर्षभरात आक्का भावाकडे परत गेल्या.

यंदा मुलगी आठ वर्षांची झाली. रोज रबरी पट्टा ओढून व्यायाम करते. परवा मैत्रिणीने तिला विचारलं, "तू फुगडी का गं खेळत नाहीस?"

"लहानपणी एका मालिशवाल्या बाईने माझा हात ओढला," मुलगी शाळेतला धडा म्हणावा तशी म्हणाली. "तेव्हापासून माझे सांधे असे झाले."

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. दोन रात्री ती मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सांगोल्याला जायचं. पोरीलाही घेऊन."

आक्का भावाच्या डाळिंबाच्या बागेत होत्या. मुलीला बघून त्यांनी हात पुसले, तळवा गालाला लावला आणि तिथेच थांबवला. तळव्यावर ओरखडेच ओरखडे होते. "काटं लागत्यात. असल्या हातानं आता लेकरू धरवत न्हाय."

मी मुलीसमोर सगळं सांगितलं. मुलगी आईला चिकटून ऐकत होती.

"मला ठावं हुतं," आक्का म्हणाल्या. "माझा हात मला ठावा न्हाय व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बाप. माझं कुणी ऐकलं असतं?"

मी हात जोडले. "आक्का, माझं..."

"माझ्याम्होरं नगा," त्यांनी मला मध्येच तोडलं. "गल्लीत सांगितलंसा न्हवं? मग तितंच सांगा."

परत आल्या आल्या मी कोपऱ्यावरच्या दारात उभा राहिलो. वहिनी शेजारणींबरोबर मेथी निवडत होत्या. "या की! पोरीला घेऊन कुठं गेला होता?" मागे बायको होती, मुलगी होती.

"आक्कांकडे," मी म्हणालो. "वहिनी, हिचा हात मी ओढला होता. आक्कांनी नाही. मी तुमच्याशी खोटं बोललो. माझं चुकलं."