तोडलेल्या गिंकोचा वास

लोणी खवट झालं की मला २००४ सालचा लंडनजवळच्या क्रॉयडनमधला ऑटम आठवतो. आमच्या नव्या घरात अगदी तसाच वास यायचा. बायकोने आणि मी फ्रिज, ड्रेन, सगळं घासलं, तरी जाईना. एका सकाळी दारात पंख्याच्या आकाराचं, मधोमध चिरलेलं पिवळं पान दिसलं. शेजारच्या मराठी आजींना दाखवलं. त्या म्हणाल्या, “हे गिंकोच्या झाडाचं. आमच्या ह्यांनी लावलेलं, फळं धरणारं मादी झाड निघालं. फळं कुजली की लोक खवट वासाची कम्प्लेंट करायचे. हे वारल्यावर झाड तोडावंच लागलं, तुम्ही यायच्या आधी.” “जवळपास दुसरं असेल ना?” “एकही नाही.” मी चाचरत घरातल्या वासाचं सांगितलं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “म्हणजे तुलाही येतो?” त्यांचा चेहरा असा उजळला, की आजही आठवलं तरी अंगावर काटा येतो.