मामाजी आणि पान एक्क्याण्णव

वर्धा जिल्ह्यात नुसत्या कानानं माणूस वाचणारा एकच इसम होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणायचो. ते आंजीला शाळामास्तर होते. काचबिंदूनं चाळिशीच्या आत दोन्ही डोळे नेले, नोकरी गेली, पण मास्तरकी काही गेली नाही. फळा गेला म्हणून त्यांनी ती आवाजावर सुरू केली. एकदा त्यांनी एसटीडी बूथवरून फोन केला. मी फक्त ‘नमस्कार मामाजी, सगळं ठीक’ एवढंच म्हटलं, तर पलीकडून लगेच, ‘भांडण मिटवा, जवाईबापू. आमची पोरगी मांगून भांडे आपटून राह्यली, आन् तुमी मात्र जास्तच गोड बोलून राह्यले.’ मी वर्ध्यात भांड्यांचा दुकानदार. भांडी आपटल्याचा आवाज आमच्याकडे रोजचाच. पण विक्रीची आदळआपट कोणती आणि संसाराची कोणती, हे त्यांना आठ कोसांवरून कळायचं.

नव्वद सालानंतर कधीतरी त्यांनी ‘आंजीची कॅसेट’ सुरू केली. जिल्ह्यात ठिकठिकाणी, देवळी, आर्वी, पुलगाव, हिंगणघाटच्या आसपासच्या खेड्यांत, न दिसणारी माणसं घराच्या कोपऱ्यात बसून होती. त्यांना पेपर कोणी वाचून दाखवत नव्हतं, परीक्षेच्या तारखा कोणी सांगत नव्हतं. मामाजी महिन्याला एक कॅसेट भरत. एका बाजूला बातम्या, कोणत्या दाखल्याला कोणते कागद लागतात, अभ्यासाचे धडे. दुसरी बाजू कोरी. ऐकणाऱ्यानं तिच्यावर आपलं बोलून कॅसेट परत धाडायची, मग सगळ्यांचं बोलणं पुढच्या महिन्यात सगळ्यांना. कॅसेट कधी टपालानं जायची, कधी कंडक्टरच्या हातून, कधी मामाजींच्या भावांच्या वांग्याच्या पोत्यावर बसून. पत्ते मामी लिहायच्या. त्या चौथी शिकलेल्या, एकेक अक्षर रांगोळी घातल्यासारखं काढायच्या, म्हणून पत्ता वाचता आला नाही म्हणायची पोस्टमनला सोय नव्हती.

पहिल्याच वर्षी एका बाईनं कॅसेटवर भोळेपणानं सांगून टाकलं, की घरचे सगळे लग्नाला गेलेत आणि चार दिवस ती एकटीच आहे. मामाजींनी ते ऐकलं आणि त्यांना जेवण गेलं नाही. कॅसेट कोणाकोणाच्या घरात, कोणाकोणाच्या कानावर पडते, कोणाला ठाऊक? त्यांनी तेवढा भाग पुसला आणि त्या दिवसापासून फर्मान काढलं: कॅसेटवर कोणी नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, घरात कोण आहे-नाही सांगायचं नाही. प्रत्येकाला टोपणनाव. भाऊ भाजी पिकवायचे, त्यामुळे नावांचा तुटवडा नव्हता. कोणी भेंडी, कोणी कारलं, कोणी दोडका. एक रिटायर्ड हवालदार होते, त्यांना मुळा हे नाव मिळालं, तर रुसून दोन महिने बोलले नाहीत. खरी नावं आणि पत्ते एका वहीत, आणि वही मामींच्या धान्याच्या कोठीत.

माहितीच्या बाबतीत तर ते इतके संशयी, की एखाद्या कारकुनानं आपलं नाव सांगितलं तर तेही पडताळून पाहायचे. दोघांच्या तोंडून खात्री झाल्याशिवाय कॅसेटवर काही जायचं नाही. एकदा बातमी आली, की अमुक ठिकाणी अंधांना रेडिओ फुकट मिळतो, फक्त अपंगत्वाचा मूळ दाखला जमा करायचा. मामाजींनी एसटीडी बूथवरून सरकारी कचेरीत फोन लावला आणि तिथल्या साहेबाला एकच प्रश्न सात प्रकारे विचारला. शेवटी साहेब रडकुंडीला येऊन म्हणाला, ‘अहो गुरुजी, अशी योजनाच नाही!’ मामाजी म्हणाले, ‘हेच आता एका दमात, सावकाश म्हणा. टेप सुरू आहे.’ साहेबाचा तो कापरा आवाज महिनाभर जिल्हाभर फिरला आणि कोणाचाही दाखला कोणाच्या हाती गेला नाही.

यात माझा शिरकाव कसा झाला, तर माझ्या गळ्यामुळे. गणपतीत माईक माझ्याच हातात असायचा, आणि ‘हरवलेल्या मुलाच्या पालकांनी’ असं मी म्हटलं की ज्यांचं मूल हरवलं नाही त्यांनाही भरून यायचं, असा माझा समज होता. मामाजींनी मला पाठ्यपुस्तकं वाचायला बसवलं. दुपारी दुकान बंद करून मी मागच्या गोदामात टेप लावायचो. पहिली कॅसेट ऐकून ते म्हणाले, ‘आवाज मोठा गोड आहे, जवाईबापू. पन तुमी वाचून नाई राह्यले, तुमी सोताचा आवाज ऐकून राह्यले. आन् मांगचा तो पितळेचा गुंड झाका, त्याच्यात घुमते.’ पाण्याचा मोठा गुंड होता खरा. उघडाच होता. मी झाकला. मला नाव मिळालं भोपळा.

वाचणाऱ्यासाठीही नियम होते. चित्राखालची ओळसुद्धा वाचायची. शिंक आली तर शिंकायचं, टेप थांबवायचा नाही, कारण थांबवला की ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी सुटलं. आणि पान उलटलं की पानाचा आकडा मोठ्यानं सांगायचा. ‘डोयेवाल्याले पुस्तक हातात दिसते,’ मामाजी म्हणत. ‘आमाले आकड्यावरच भरोसा ठेवा लागते.’

माझ्या त्या पाल्हाळाला एक खास श्रोती होती. तिचं नाव मेथी. बारावीला बसलेली. एवढंच मला ठाऊक, आणि आवाज: बारीक, जरा घाईचा, वाक्याच्या शेवटी हसू दाबलेलं. उलट बाजूवर ती म्हणायची, ‘भोपळेकाका, तुमी वाचता वाचता चहा पेता. घोट ऐकू येते. घोटाच्या आधी तुमी घाईनं पयता, घोटानंतर चांगलं वाचता. म्हून परीक्षेच्या धड्याले दोन कप घेत जा.’ मी खरंच दोन कप घ्यायला लागलो. बायको म्हणाली, ‘माह्यं एक ऐकत नाई, आन् कोण्या न पाह्यलेल्या पोरीचं ऐकून राह्यले.’ मेथीच्या वडिलांनी एकच अट घातली होती. एका झटक्यात बारावी पास झाली तर नागपूरला टेलिफोन ऑपरेटरच्या शिक्षणाला धाडू, नाहीतर घरी बसायचं. त्या नोकरीची स्वप्नं ती कॅसेटवर बोलायची. ‘मी हॅलो म्हनीन त समोरच्याले वाटलं पाह्यजे का मी खुर्चीवर बसून हावो.’

आता मला जे सांगायचं आहे, त्यात गुन्हेगार हा माझा गोड गळाच आहे.

अर्थशास्त्राचं पुस्तक होतं. मधल्या एका धड्यात लोकसंख्येचे तक्तेच तक्ते, आडवे-उभे आकडे. दिवस थंडीचे, दुपारची वेळ, आणि शेजारच्या दुकानात टीव्हीवर वनडे मॅच. पलीकडून एकदम आरडाओरडा झाला. मी पान नव्वद संपवलं, पुढं पाहिलं, तर आठ पानं नुसती आकड्यांची. हे कोण विचारतंय, असं मनात म्हटलं, आठही पानं एकदम उलटली आणि नव्याण्णवाव्या पानावर आलो. तिथं मला आकडा सांगणं भाग होतं. मी सांगितला. म्हणालो, ‘पान एक्क्याण्णव.’ पुढचं सगळं पुस्तक मी त्याच खोट्या आकड्यांनी, अगदी गोड आवाजात, शेवटापर्यंत वाचलं.

निकालानंतरच्या रविवारी मामाजींनी आंजीला बोलावलं. मामींनी चहा दिला. मामाजींनी टेप लावला. मेथीच होती, पण वाक्याच्या शेवटी हसू नव्हतं. ‘मामाजी, मी अर्थशास्त्रात गेली. दोन मोठे प्रश्न लोकसंख्येच्या तक्त्यावर होते. आपल्या कॅसेटीत ते कुठं आहे थे मले सापडून नाई राह्यलं. मी पुन्हा पुन्हा मांगं घेऊन पाह्यलं. माह्या ऐकन्यातच चुकलं असंन. भोपळेकाकाले काई म्हनू नका, त्यायनं त आकडेबी बरोबर सांगतले आहेत.’

टेप बंद झाला. मामाजी म्हणाले, ‘पुस्तक आनलं का?’ आणलं होतं, कारण त्यांनीच सांगितलं होतं. ‘शेवटचं पान कितवं आहे?’

मी पाहिलं. ‘एकशे शहात्तर.’

‘कॅसेटवर एकशे अडुसष्ट आहे.’

चुलीवर काहीतरी उतू जात होतं आणि मामी उठल्या नाहीत.

‘त्या कॅसेटीत मांगं मॅचचा गोंगाट ऐकू येऊन राह्यला होता,’ मामाजी म्हणाले. ‘मी हिले म्हटलं, पाह्य, सारं गाव मॅच पाहून राह्यलं आन् आपले जवाईबापू वाचत बसले. मी तुमचं कौतुक करत होतो.’

ते ओरडले असते तर मी माफी मागितली असती. एवढ्या मऊपणापुढं मी पुस्तक मिटलं. म्हटलं, ‘मला तिचा पत्ता द्या. मी तिच्या वडिलांच्या पाया पडतो.’

‘पत्ता नाई भेटनार.’

‘काऊन?’ घाईत माझ्याही तोंडून वऱ्हाडी निघालं.

‘काऊन का तो माह्या मालकीचा नाई. तिनं मले देल्ला, तुमाले नाई.’

पुढच्या कॅसेटवर त्यांनी सगळ्या भाजीबाजाराला सांगितलं, की पुस्तकाची आठ पानं गेली, आणि चूक तपासणाऱ्याची, म्हणजे त्यांची स्वतःची. माझं नाव घेतलं नाही. मी त्याच कॅसेटवर खरं काय ते बोललो. दोन मिनिटांचं बोलणं भरायला मला पूर्ण दुपार लागली, आणि त्यात माझा आवाज चांगला लागावा असं पहिल्यांदाच वाटलं नाही. कारल्यानं उलट बाजूवर मला यथेच्छ शिव्या दिल्या. हवालदार मुळ्यांनी तर कलमंच लावली. मामाजींनी त्यातला एकही शब्द पुसला नाही.

मग मामाजी स्वतः मेथीच्या गावाला गेले, काठी टेकत, एसटीनं. मी त्यांना वर्ध्याच्या स्टँडपर्यंत सोडायचो. गाडीची पाटी मला दिसू नये म्हणून ते मला बाहेरच्या रसवंतीपाशी उभं करत आणि दुसऱ्याच कोणाचा हात धरून आत जात. असे तीनदा गेले. दोनदा वडील नाही म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांचं मन वळलं, ऑक्टोबरच्या परीक्षेला ते हो म्हणाले. त्या दिवशी मी रसवंतीपाशी उभा होतो. मामाजी परत आले ते तोंड पाडून.

‘बाप मानला,’ म्हणाले. ‘पोरगी नाई मानली.’

‘मी सगळं पुस्तक पुन्हा वाचतो, मामाजी. दोनदा वाचतो.’

‘मी तेच म्हटलं. तिनं म्हटलं, मामाजी, आता मी कोनतंबी पुस्तक आयकलं का मले वाटते, यातलं काय सोडलं असंन? असं वाटत असल्यावर पाठ नाई होत.’

मी पुस्तक पुन्हा वाचलं. शेजारी दुसरा माणूस बसवून, तो पानावर बोट ठेवून तपासायचा. तेव्हापासून आंजीच्या कॅसेटला दोन वाचणारे लागले, आणि पुढं तिच्यावर शिकून दोन-तीन पोरं नोकरीला लागली. मेथीला कॅसेट जात राहिली. परत येताना उलट बाजू कोरी असायची. मामाजी ती कोरी बाजूही शेवटापर्यंत ऐकायचे. मामी म्हणायच्या, ‘काय आयकून राह्यले हो इतकं?’ ते म्हणायचे, ‘पंखा सुरू आहे तिच्या घरी. कोनीतरी बाजूले बसलं आहे.’

चारेक वर्षांनी देवळीच्या स्टँडवर मी कंडक्टरला माझ्या नेहमीच्या भरदार आवाजात विचारलं, ‘गाडी कधी सुटणार?’ बाकावर एक बाई बसली होती, हातात पांढरी काठी. तिनं चटकन मान वळवली आणि माझ्या दिशेनं तोंड करून थांबली. आणखी एखादं वाक्य ऐकू यावं म्हणून थांबतात, तशी. मला एकच शब्द बोलायचा होता. मी बोललो नाही. ज्याला गावभर माईक लागायचा, तो मी श्वाससुद्धा हळू घेत उभा राहिलो. मग तिची गाडी आली, कोणीतरी तिला हात दिला, ती गेली.

मी मामाजींना सांगितलं. ते एकदाच माझ्यावर चिडले, ते तेव्हा. ‘बोलाचं होतं! तीच होती का नाई, हे आता कोन सांगनार?’ आणि मग, अगदी हळू, ‘थे थांबली होती ना, जवाईबापू. थांबलेल्या मानसाशी बोला लागते.’

मामाजी गेले त्याला आता काही वर्षं झाली. शेवटी शेवटी त्यांच्या घरी फोन बसला होता. ठरल्या वेळी कोणीही फोन करायचा आणि मामाजी रिसीव्हरजवळ टेप धरून माहिती ऐकवायचे. ते काम आता माझ्या दुकानातल्या फोनवर दुपारी चालतं, दोन वाचणाऱ्यांसह. तेराव्याला मी मामींना वहीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, ‘थे वही मी त्यायच्या संगंच देल्ली. त्यायनं मले तसंच सांगतलं होतं.’

मी मात्र आता एसटीनं कुठंही निघालो, की प्रत्येक स्टँडवर उतरतो. आर्वी असो, हिंगणघाट असो, पुलगाव असो. पाटी समोर दिसत असते, तरी कंडक्टरला मोठ्यानं विचारतो, ही गाडी कुठं चालली, किती वाजता सुटते, पुढं थांबते का. कंडक्टर खेकसतात. बायको पदर तोंडावर घेते आणि म्हणते, ‘या, बसा आता, लोक पाहून राह्यले.’ मी बाकांवरच्या माणसांकडं एकदा पाहून घेतो, आणखी एक प्रश्न विचारतो, आणि गाडी हलेपर्यंत खालीच उभा राहतो.