राक्षसाच्या तळाशी

माझा थोरला भाऊ राक्षसांना आवाज द्यायचा. सिनेमात किंवा मुलांच्या खेळांत गुहेतून, विहिरीतून, परग्रहावरून जे काही यायचं, त्याचं तोंड पडद्यावर हलायचं आणि घसा आमच्या दादाचा असायचा. गल्लीतली पोरं त्याला भूतकाका म्हणत. त्याचा खरा आवाज मात्र इतका मऊ, की दुकानदार त्याला दोनदा विचारायचा, काय हवंय म्हणून. आई म्हणायची, "तुला मुंगीसुद्धा भ्यायची नाही रे. लोक पैसे देऊन कसे भितात?"

आईची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात कोण आलं, कोण गेलं, सगळं ती आवाजावरून ओळखायची. दादा कामावरून आला की बेल वाजवत नसे. दाराला तोंड लावून म्हणायचा, "दार उघड, मी आलोय." आई भिंतीला हात लावत यायची आणि कडी काढायची. हे काम ती कुणाला करू द्यायची नाही. मी एकदा आधी जाऊन उघडलं, तर संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही.

दादाचं काम मी जवळून पाहिलंय. एका इमारतीचं तळघर, भिंतींना करडा फोम, मध्ये काचेची केबिन. आत दादा, बाहेर बटणांच्या टेबलाशी त्याची सहकारी. तिला सगळे चष्मेवालीच म्हणत. दादा आधी साध्या आवाजात ओळी बोलायचा. मग तेच श्वास आत ओढत बोलायचा, मग तोंडात पाणी धरून. चष्मेवाली ते सावकाश करायची, त्याची पट्टी खाली उतरवायची, त्याखाली कुत्र्याचं घोरणं घालायची, गंजलेल्या बिजागरीची करकर घालायची, बादलीत ओलं फडकं पिळल्याचा आवाज घालायची. परग्रहावरचा कुणी असला तर शब्दांवर एक भुणभुण चढवायची, की माश्यांनी मिळून बोलायला शिकावं तसं ऐकू यायचं.

"नुसत्या जनावराला कुणी भीत नाही," दादा मला सांगायचा. "राक्षसाच्या तळाशी माणूस लागतो. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, ह्याला मी कुठेतरी भेटलोय."

त्याची एक खोड होती. काम झालं की साध्या आवाजातलं मूळ ध्वनिमुद्रण तो स्वतःच्या हाताने पुसायचा. त्याला तो कच्चा आवाज म्हणायचा. राक्षस ठेवायचा, कच्चा ठेवायचा नाही. चष्मेवाली कुरकुरायची, "अहो, राहू द्या की एक प्रत." तो म्हणायचा, "जादूगार टोपी उलटी करून दाखवतो का?" कच्चा लोकांच्या हाती गेला तर दुसरा कुणी पट्टी उतरवून तोच राक्षस करील, ही त्याची भीती. त्या धंद्यातले सगळेच असे. स्वतःच्या सावलीलाही मजुरीचा दर सांगणार नाहीत.

मग त्याची कामं वाढली. लोक म्हणू लागले, ह्याच्यासारखा राक्षस कुणाचा नाही. एक दिवस मी त्याला डबा द्यायला गेले होते. चष्मेवाली बटण फिरवता फिरवता थांबली आणि म्हणाली, "गंमत बघा. हल्ली पट्टी फार उतरवावीच लागत नाही. आपोआप बसते."

स्टुडिओचा मालक मागेच उभा होता. हसला. "मुरला गडी. आता यंत्राची गरजच नाही."

दादाही हसला. खरं सांगायचं तर खूश झाला. आपल्या कामात तरबेज होणं कुणाला आवडत नाही? आवाज बसला की तो समजायचा, आज जास्त ओरडलो. दुसऱ्या दिवशी तो बसलेलाच असायचा, आणि दुसऱ्या दिवशी कामही राक्षसाचंच असायचं. दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे खपलं असतं? गवयाचा घसा असा झाला असता तर आठवड्यात बोंब झाली असती. इथे घसा बिघडत होता आणि लोक पाठ थोपटत होते.

घरात पहिली ठेच आईला लागली. दादा आला, दाराशी म्हणाला, "दार उघड, मी आलोय." आई आली, पण कडीवर हात ठेवून उभी राहिली.

"कोण?"

"अगं मी."

"मी कोण?"

आम्ही हसलो. दादा म्हणाला, "घ्या, धंदा घरापर्यंत आला." पण ते रोजचं झालं. जेवताना तो बोलला की आई घास हातात धरून थांबायची. मला हळूच विचारायची, "पाहुणा किती दिवस राहणार आहे?" दादाला ते ऐकू जायचं. तो मान खाली घालून जेवायचा आणि कमी बोलायचा. आवाज टिकावा म्हणून गप्प राहत असेल असं मला वाटलं. तसं नव्हतं. त्याला आईसमोर तोंड उघडायची लाज वाटायला लागली होती.

शेवटी आम्ही ठरवलं, आईचे कान गेले. दोघांनी मिळून तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिच्या कानांवर डबडी चढवली, शिट्ट्या ऐकवल्या. बाई म्हणाल्या, "आजींचे कान तरण्या पोरीसारखे आहेत."

"मग मला ओळखत का नाही?" दादाने विचारलं.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. आईकडे पाठ करून त्या दादाकडे वळल्या. "तुमचा आवाज असा कधीपासून आहे?"

"माझं कामच तसं आहे."

"कामाचं मी विचारलं नाही. तोंड उघडा."

आई खुर्चीत शांत बसली होती. कुणाला तरी सांगावं तसं म्हणाली, "मी केव्हाची सांगतेय, हा आवाज माझ्या मुलाचा नाही."

गाठ होती, आणि जुनी होती. स्वरयंत्र काढावं लागणार, गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणार, श्वास तिथून. आवाज राहणार नाही. मी मालकाकडे गेले. लोकांची भांडणं भांडण्यातच माझं आयुष्य चाललंय, आणि माझी जीभ कशी आहे ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी तिला मी मोकळं सोडलं. मालक म्हणाला, "ताई, ऑपरेशनच्या आधी दोन राक्षस उरकून घेता येतील का? आत्ता जसा आवाज लागलाय तसा परत लागायचा नाही." मी त्याच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला होता. तो मी कसा खाली ठेवला, माझं मला ठाऊक.

दादाला मी म्हटलं, "राक्षस गेले खड्ड्यात. तू तुझ्या आवाजात बोलून ठेव. आईसाठी." तो केबिनमध्ये गेला. चष्मेवालीने लाल दिवा लावला. दादा माइकपुढे झुकला आणि म्हणाला, "आई, मी आहे." बाहेर स्पीकरमधून जे आलं ते ऐकून चष्मेवालीने बटणांकडे पाहिलं. सगळी बटणं शून्यावर होती.

वरातीमागून घोडं. तो आवाज केव्हाच गेला होता. आणि जुना कुठून आणायचा? कच्चं सगळं त्यानेच पुसलेलं. राक्षस होते ढीगभर, पण प्रत्येकात कुत्रं होतं, बिजागरी होती, फडकं होतं. पिठातून पाणी परत काढता येत नाही.

ऑपरेशन झालं. दादा दवाखान्यात असतानाच चष्मेवाली घरी आली. तिला एक जुनी गोष्ट सापडली होती, दादाचा अगदी पहिला राक्षस. मुलांच्या मालिकेतला, तळ्यातून वर येऊन झोपडीचं दार ठोठावणारा. तेव्हा त्यांच्याकडे यंत्रं धड नव्हती. त्यात काही मिसळलेलं नव्हतं, फक्त वेग कमी केलेला. तिने तो पुन्हा वाढवला, तसा चिखलातला गुरगुराट हळूहळू वर आला, पातळ झाला, आणि माझ्या स्वयंपाकघरात माझा भाऊ बोलला. तरुण, मऊ, थोडा लाजरा.

"दार उघड, मी आलोय."

त्या दृश्यात त्याला दुसरं काही सुचलं नसणार. घरचंच वाक्य उचलून त्याने राक्षसाच्या तोंडी घातलं होतं.

चष्मेवालीने ते एका छोट्या यंत्रात भरून दिलं. बटण दाबलं की वाजायचं. दादा घरी आला त्या संध्याकाळी त्याने दारात उभं राहून बटण दाबलं. आई पलंगावरून उठली. इतक्या लगबगीने तिला मी बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं. कडी काढली, हसली. "आलास? किती वाट बघायला लावलीस."

दादा आत आला. आता त्याला बोलता येत नव्हतं. गळ्यातल्या नळीतून श्वास येत-जात होता, ओला, घरघरणारा. आईने हात पुढे केला. बोटं त्याच्या खांद्यावर आली, मानेवर गेली, नळीला लागली, आणि तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"आई, दादाच आहे," मी म्हटलं. "ऑपरेशन झालंय त्याचं. सांगितलं होतं ना?"

"असेल," ती म्हणाली. आपण परक्याला म्हणतो तसं. मग त्याला वळसा घालून ती दाराशी गेली आणि बाहेर तोंड काढून हाका मारू लागली. "अरे, कुठे गेलास? आत ये की."

मी तिला रोज समजावते. ती मान डोलावते, माझं मन राखते. पण दादा ज्या खोलीत असेल तिथे ती जात नाही. तो शेजारून गेला की अंग चोरते. अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकत असते. मीही ऐकते. बादलीत फडकं पिळल्यासारखा तो आवाज भिंतीपलीकडून येतो, आणि हा माझाच भाऊ आहे असं मला मनात म्हणावं लागतं.

काल दादाने एक प्रयत्न केला. आई खिडकीशी बसली होती. तो तिच्या पायाशी जाऊन बसला, तिचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. आवाज आणि माणूस एकाच जागी आहेत, एवढंच त्याला तिला कळवायचं होतं.

"दार उघड, मी आलोय."

आई ताठ झाली. आपला हात तिने सोडवून घेतला नाही, घाबरली होती म्हणून असेल. चेहरा दाराकडे वळवला आणि अगदी हलक्या आवाजात, शेजारी बसलेल्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली,

"नको रे बाळा. बाहेरच थांब. घरात काहीतरी आहे, आणि त्याने माझा हात धरलाय."