कुणी बोली लावली नाही

पोपटरावांनी घराची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीत मागं टेकून बसले.

"घ्या मॅडम. घर गेलं, पण सुटलो एकदाचं."

शेजारी त्यांचे साडू तानाजीराव. भवानीनगरला कारखान्यात क्लार्क, आणि या होम लोनचे जामीनदार. तेही निवांत दिसत होते.

मी इंदापुरात बँकेची वसुली बघते. अशा वेळी पुढं काय बोलायचं ते मला पाठ आहे, आणि त्याचा आता मनापासून वीट आलाय.

"सुटला नाहीत, पोपटराव. लिलावाच्या पैशातून खर्च गेला, व्याज गेलं. मुद्दल पुरतं फिटलं नाही. ती बाकी तुमच्याकडं आहेच."

"घर घेतलं की तुमी! आता कशाची बाकी?"

लोकांना वाटतं, कर्ज घराला दिलेलं असतं. ते माणसाला दिलेलं असतं. घर नुसतं तारण. तारण विकून पुरलं नाही तर बँक उरलेल्यासाठी दावा लावते. कर्जदारावर, तसाच जामीनदारावरही.

तानाजीराव सावरून बसले. "म्हंजी माझ्या पगारावर येनार?"

"कोर्टाचा हुकूम झाला तर, हो."

मला राग येत होता तो वेगळ्याच गोष्टीचा. बाकी एवढी राहायलाच नको होती. पोपटरावांचं बावड्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान. धंदा बसला, हप्ते थकले. पण घर पेठेला लागून, पक्कं बांधलेलं. नोटीस लावतानाच मी सांगितलं होतं, "गिऱ्हाईक आणा. बोली वाढेल तेवढं तुमचंच कर्ज कमी होईल." गावातले खतांचे दुकानदार रमणशेठ घर दोनदा बघूनही गेले. लिलावाला मात्र बावड्यातून कुणीच नाही. राखीव किमतीला, म्हणजे ज्याच्याखाली विकायचं नाही त्या आकड्याला, बारामतीच्या एका प्लॉटवाल्यानं घर नेलं.

"रमणशेठ का आले नाहीत?"

पोपटरावांची मान ताठ झाली. "आपल्या मान्साच्या घरावर कोन बोली लावंल? आमच्यात न्हाय तसं."

तानाजीराव खाली बघून म्हणाले, "मीच घरोघर फिरलो. हात जोडून सांगितलं, बोली लावू नगा. शेठ माझ्या शब्दावर थांबलं."

तानाजीरावांची थोरली मुलगी त्याच वर्षी पुण्याला नर्सिंगला जायची होती. मला त्या माणसाकडं बघवेना.

मी साहेबांपुढं सगळं मांडलं. ते म्हणाले, "गाव प्रेमळ आहे, हे फाईलमध्ये कुठं लिहू?" तरी बऱ्याच खेपांनंतर तडजोड झाली. थोडं व्याज सोडलं, उरलेल्याचे हप्ते पाडले. काही दुकानातून, बरेचसे तानाजीरावांच्या पगारातून. थोरलीचं नर्सिंग राहिलं. ती आता भवानीनगरलाच एका मेडिकलमध्ये बसते.

पुढच्या वर्षी बावड्याला गेले, तर त्या घराच्या ओट्यावर रमणशेठ चहा पीत बसलेले.

"प्लॉटवाल्याकडनं घेतलं. लई जास्त पडलं, पर घर झ्याक हाय."

"मग लिलावातच का नाही घेतलं?"

"तवा पोपटरावांचं हुतं ओ. आता बारामतीकराचं घेतलंय. कुनाचं मन न्हाय दुखवलं."

आता नोटीस लावताना मी शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगते, माणूस आपला वाटत असेल तर या आणि चढी बोली लावा. लोक माझ्याकडं कसायाकडं बघावं तसं बघतात.