तांब्याला लावलेलं सोनं

माझे वडील, आप्पा, तंजावूर शैलीची चित्रं काढायचे. घरोघर केबल टीव्ही येत होता त्या दिवसांत एका ख्रिस्ती शिक्षिकेनं त्यांना तीन देवदूतांचं चित्र काढायला सांगितलं. आप्पांनी सवयीनं तिघांना मुकुट आणि पंख काढले, वर सोन्याचा वर्ख चढवला. बाई बघून हसल्या.

"अहो, आमच्या शास्त्रात देवदूत पुष्कळदा साध्या वाटसरूसारखे येतात. भर उन्हात असे तिघे आले, तर म्हाताऱ्या यजमानानं ओळखलंही नाही. तरी धावत जाऊन पाय धुवायला पाणी दिलं, जेवू घातलं."

इतक्या दिवसांची मेहनत फुकट! मी चिडले. आप्पांनी मात्र नव्या फळीवर धुळीच्या पायांचे तीन वाटसरू काढले. आमच्याकडे देवालाच लावतात ते सोनं त्यांनी फक्त पाण्याच्या तांब्याला लावलं. मी वाकून तो तांब्या जवळून बघितला.

त्याच आठवड्यात ऐन दुपारी साबण विकणारी बाई दारात आली. तिला मी नेहमी "वेंडाम", म्हणजे नको, म्हणून हाकलून द्यायची. त्या दिवशीही तेच म्हणणार, तोच माझी नजर खाली गेली. तिचे पाय धुळीनं माखले होते.

मी तांब्या भरायला आत धावले.