वऱ्हांड्याचे चार पत्रे

मी मुखरू. आमच्या गावच्या शाळेत एकतीस वर्षं चपराशी होतो. रिटायर झालो, पण शाळेची चाबी अजून माह्याच करदोड्याले हाये, कोणी मागतलीच नाई. म्हून शाळेवरचे जुने शिमिटाचे पत्रे काढाले गुलाबभाऊ चंद्रपूरवरून आला, तवा कुलूप उघडाले मीच गेलो. आन् पह्यल्याच दिवशी माह्या डोक्यात तिडीक गेली.

झालं असं, का होळीच्या सुमारास तो नुसता पाहाले आलता. शिडी लावली, पत्र्यावर फुसफुस पाणी मारलं, पकडीनं नखाएवढा टवका काढला, एकात एक दोन पिशव्यांत घातला, आन् जिथून काढला तिथी रंग लावून देल्ला. मी म्हटलं, "अरे बाप्पा! पत्रा हाये का पेशंट?"

"तपासल्याबिगर समजत नाई, मुखरूभाऊ," तो म्हणे. "डोळ्यानं सारे पत्रे सारखेच. एकात अ‍ॅस्बेस्टॉस असते, एकात नसते. असलं तर पत्रा तुटल्यावर त्याचे तंतू उडते. दिसत नाई, पण छातीत गेले का निंघत नाई."

मले हासू आलं. गडचांदूरच्या शिमिट कारखान्यांच्या रस्त्यावर आमचं गाव. इथी झाडाचं पान हिरवं पाहाचं असन तर पुसून पाहा लागते. धुळीनं मेलो असतो तर कवाच मेलो असतो! हे मी त्याले तोंडावर सांगतलं. तो भांडला नाई, शिडी उचलून निंघून गेला. न भांडणाऱ्या माणसाचा मले लय राग येते.

मे महिन्यात नागपूरच्या लॅबचा रिपोर्ट आला. अ‍ॅस्बेस्टॉस निंघालं. शाळेले सुट्ट्या होत्या, तवा गुलाबभाऊ दोन माणसं घेऊन समाजभवनात मुक्कामाले आला.

आता पत्रे काढणं मी जिंदगीभर पाह्यलं. एक जण वरून घन मारते, पत्रा खाली पडून चुरा होते, झालं काम. या माणसाचं येगळंच. पहाटं पाचले चढे आन् नऊले उतरे, काऊन का त्या पांढऱ्या सूटात आन् मास्कात नऊच्या पुढं माणूस उकडून निंघते. आधी पत्र्याले पाण्यानं न्हाऊ घाले. बोल्ट एक-एक करून ढिला करे, गंजलेला असन तर कापे, पण पत्र्याले धक्का नाई. मंग अख्खाच्या अख्खा पत्रा दोघं मिळून खाली घेत, नव्या नवरीले बैलबंडीतून उतरवावं तसा. जाड प्लास्टिकमंधी गुंडाळून, टेप मारून, वर धोक्याचा कागद चिकटवून ठेवत. माकडांनी नाचून जे पत्रे फोडले होते, त्यांचे तुकडे तो ओले करून हातानं येचे. फडा मारून कोणाले झाडू देये नाई, ओल्या फडक्यानं पुसे.

आन् काम झालं का शाळेमागं बसून सूटाखालचे कपडे आपण सोता धुये. सोबतच्या दोघांचेही. पारावरचे लोक खी-खी हासत. मीही एक दिवस म्हटलं, "काऊन भाऊ, घरी बाई नाई काय?"

"नाई," तो म्हणे, आन् धूत राह्यला.

पाचव्या दिवशी छत मोकळं झालं. गुलाबभाऊ वऱ्हांड्यात उभा राहून वर पाहे. चार पत्र्यांची जागा आधीपासूनच रिकामी होती, हूक तसेच लोंबत होते. "इथचे चार पत्रे कुठी गेले?"

"मागच्या उन्हाळ्यात वादळात उडाले," मी म्हटलं. "नाल्याकडे."

खोटं. साफ खोटं! वादळानं ते ढिले झाले होते फक्त. उतरवून माह्या गोठ्यावर मीच टाकले. आमच्या इकडे शाळेचा पडका पत्रा नेला तर त्याले कोणी चोरी म्हणत नाई, कामी लावला म्हणते. मले वाटलं, उडाले म्हटलं का विषय खतम.

"नाल्यात पोट्टे खेळते," गुलाबभाऊ म्हणे. "ते तुकडे सापडल्याबिगर सारे पत्रे निंघाले म्हून मी सही करत नाई." त्याची सही नाई तर नवे पत्रे नाई, आन् नवे पत्रे नाई तर शाळा नाई.

दुसऱ्या दिवशी तो नाल्यात उतरला. पारा सेहेचाळीसवर. नऊ वाजले तरी निंघाला नाई. हर एक झुडूप उचलून पाहे, हर एक गोट्याखाली हात घाले. मी पुलावर बसून पाहो. पह्यल्या दिवशी मले मज्या वाटली. दुसऱ्या दिवशी नाई वाटली, पण तोंड काई उघडलं नाई. एवढं खोटं बोलल्यावर खरं बोलाची लाज वाटे.

दुपारी बाराले तो मटकन खाली बसला. मी धावलो. सावलीत आणलं, डोक्यावर पाणी ओतलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. "मरता काय राजेहो, चार पत्र्यांसाठी?"

उठून बसल्यावर तो म्हणे, "मी वीस वर्षं असेच पत्रे कापून बसवले, मुखरूभाऊ. सांजच्याले पांढराफट होऊन घरी जाओ. सत्यशीला, माही बायको, अंगणात माहा सदरा झटके आन् मंग धुये. एकोणपन्नासाव्या वर्षी गेली, फुफ्फुसाच्या कॅन्सरनं. डॉक्टर इचारे, या बाई कोणत्या कारखान्यात होत्या? म्हटलं, ती तर कुठीच कामाले गेली नाई. मंग डॉक्टर माह्याकडे पाहे. मले काईच नाई झालं."

गोठ्याच्या मापात बसवाले मी ते पत्रे कटर मशीननं कापले होते. अंगणभर पांढरा धुरळा. मी खाटेवर बसून चहा पेत होतो, आन् माही बायको मनकर्णा झाडत होती. माहा सदराही तिनंच झटकला. आन् रोज पहाटं त्याच पत्र्यांखाली बसून ती म्हैस दोहते.

"गुलाबभाऊ," मी म्हटलं, "पत्रे नाल्यात नाई. माह्या गोठ्यावर हाये."

आता थोबाडीत देते, असं वाटलं. द्याले पाह्यजे होती. त्यानं इचारलं, "कापले काय?"

"हाव."

"झाडलं कोणं?"

"मनकर्णानं," म्हटलं आन् मले रडू कोसळलं. पासष्ट वर्षांचा माणूस मी, नाल्याच्या काठावर ढसाढसा रडलो.

त्यानं माह्या पाठीवर हात ठेवला. "एका दिवसाच्या धुळीनं काई होईनच असं नाई. पण रोज नको. उठा."

दुसऱ्या दिवशी पहाटं त्यानं माहे चारही पत्रे शाळेच्या पत्र्यांसारखेच न्हाऊ घालून उतरवले. मनकर्णा मले आधीच मनसोक्त शिव्या देऊन चुकली होती. मंग त्यानं तिले तो धुरळा झाडलेला फडा मागतला.

मनकर्णा अडली. "तो नाई देत, भाऊ. लक्ष्मी हाये ते. दिवाळीले पूजा केली त्याची. कचऱ्यात कसा टाकू?"

मले वाटलं, आता हा तिले अक्कल शिकवते. नाई शिकवली. त्यानं दोन्ही हात पुढं केले. "फेकत नाई, बाई. नीट नेतो." मनकर्णानं फड्याले कुंकू लावलं आन् त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो ओला केला, एकट्यालेच येगळ्या प्लास्टिकमंधी गुंडाळला.

मनकर्णा म्हणे, "तुमच्या घरी झाडते कोण, भाऊ?"

"आता मीच. ती होती तवा शिकाले पाह्यजे होतं."

असा माणूस मी आमच्या तालुक्यात दुसरा पाह्यला नाई. ज्याच्या खोट्यापाई तो दोन दिवस उन्हात भाजला, त्याच्याच गोठ्याचे बोल्ट तो हळू हातानं काढत होता. सारे पत्रे निंघाल्याचा कागद सही करून त्यानं माह्याच हाती देल्ला.

गोठा पुसाचा राह्यला होता. मनकर्णानं सवयीनं बादली उचलली. मी तिच्या हातातून घेतली. गुलाबभाऊचा एक सूट घातला, मास्क लावला, फडकं ओलं केलं. म्हटलं, "तू तिकडे निंबाखाली बस."

"पुसता येते काय तुम्हाले?"

"नाई. तिथूनच सांग."

ती सांगत गेली, मी पुसत गेलो. शेवटी घामाघूम होऊन बाहेर आलो, तर बसल्या जाग्यावरून ओरडली, "डाव्या हाताचा कोपरा राह्यला!"

मी फडकं परत ओलं केलं आन् आत गेलो.